माया, स्वप्न आणि संगणक : घडवलेल्या विश्वाच्या कल्पनेचा एक तौलनिक इतिहास

१

निक बॉस्ट्रॉम या स्वीडिश तत्त्वज्ञाचा एक छोटा निबंध २००३ साली 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपण संगणकीय सदृशीकरणात राहत आहोत काय, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला होता. मराठी परिभाषेत 'सिम्युलेशन' या संज्ञेसाठी 'सदृशीकरण' हा पर्याय रूढ आहे. एखाद्या प्रक्रियेसारखी दुसरी प्रक्रिया यंत्रावर घडवून आणणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. बॉस्ट्रॉम यांनी हा अर्थ ताणून संपूर्ण मानवी जीवनापर्यंत नेला. त्यांच्या मते पुढील तीन विधानांपैकी किमान एक खरे असलेच पाहिजे : आपल्यासारख्या जवळजवळ सर्व संस्कृती तंत्रविज्ञानाच्या परिपक्व अवस्थेला पोचण्यापूर्वीच लोप पावतात, किंवा त्या अवस्थेला पोचलेल्या संस्कृतींना आपल्या पूर्वजांच्या जीवनाचे सदृशीकरण करण्यात रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अशाच एका सदृशीकरणात जगत आहोत. पहिली दोन विधाने खोटी ठरली, तर यंत्रावर चालणाऱ्या मनांची संख्या मूळ जैविक मनांहून कितीतरी अधिक भरेल, आणि मग आपली गणना त्या मोजक्या मूळ मनांत करण्यास आधार उरणार नाही.

या निबंधात कोठेही 'विश्व खोटे आहे' असे प्रतिपादन नाही. तो संभाव्यतेचा युक्तिवाद आहे. तथापि त्याची कीर्ती पसरली ती 'विश्व म्हणजे संगणकातील भास' या सोप्या सूत्राच्या रूपाने. भारतात या सूत्राला एक हमखास प्रतिसाद मिळत आला आहे : हे तर आमच्या मायावादात पूर्वीच सांगितले आहे. या प्रतिसादात अभिमान आहे, आणि काही प्रमाणात तथ्यही आहे. परंतु दोन कल्पना एकमेकींसारख्या दिसतात म्हणून त्या एकाच प्रश्नाची उत्तरे असतात, असे मानणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने घातक होय. या दोन कल्पनांचा इतिहास स्वतंत्रपणे तपासला, तर त्यांच्या सादृश्याखाली असलेला भेद स्पष्ट होतो. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट ध्यानात येते : जग घडवलेले आहे असे कल्पिणाऱ्या महत्त्वाच्या ग्रंथकारांनी आणि कथाकारांनी 'जग खरे की खोटे' याहून निराळा एक प्रश्न जपला आहे. त्या जगातील दुसऱ्याचे दुःख खरे मानायचे की नाही, हा तो प्रश्न.

२

'माया' हा शब्द एकार्थी नाही. ऋग्वेदात तो इंद्र, वरुण इत्यादी देवतांच्या अद्भुत निर्माणसामर्थ्यासाठी येतो. त्यात कौशल्य आहे, कधी कपटही आहे, पण 'अस्तित्वात नसलेले' असा अर्थ नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात प्रकृतीला माया आणि महेश्वराला त्या मायेचा धनी म्हटले आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील एकसष्टाव्या श्लोकात तर माया आणि यंत्र हे दोन शब्द शेजारी येतात : सर्व भूते जणू यंत्रावर आरूढ झाली आहेत आणि हृदयस्थ ईश्वर त्यांना मायेने फिरवीत आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात येथे यंत्रावर आरूढ झालेल्या लाकडी बाहुल्यांचा दृष्टांत दिला आहे. संगणकीय विश्वाच्या कल्पनेशी भारतीय वाङ्मयात जवळचे काही शोधायचे असेल, तर ते येथे सापडते, कारण येथे चालवणारा आहे, चालवले जाणारे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक यंत्रणा आहे.

परंतु सामान्यतः तुलना केली जाते ती या ईश्वरवादी मायेशी नव्हे, तर केवलाद्वैताच्या मायेशी. आणि तेथे ती डळमळू लागते. गौडपादांनी मांडूक्यकारिकांच्या वैतथ्य प्रकरणात जागृती आणि स्वप्न यांचे साम्य दाखवले, हे खरे. पण शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, विज्ञानवादी बौद्धांशी वाद करताना, नेमकी उलट बाजू घेतली. स्वप्न हे स्मृतीच्या जातीचे आहे, जागृती ही उपलब्धी आहे. स्वप्नात पाहिलेली वस्तू जागेपणी बाधित होते, जागेपणी पाहिलेला खांब कोणत्याही अवस्थेत तसा बाधित होत नाही, असे ते तेथे सांगतात. ज्यांच्या नावे मायावाद ओळखला जातो, त्याच आचार्यांनी बाह्य जगाला स्वप्नवत् मानण्यास व्यवहाराच्या पातळीवर नकार दिला आहे. पुढील अद्वैत परंपरेने प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा सत्तेच्या तीन कोटी स्पष्ट केल्या, त्या हाच नकार सुरक्षित राखण्यासाठी.

भेदाचा दुसरा बिंदू अधिष्ठानाचा आहे. दोरीवर साप भासतो, तेव्हा दोरी तेथेच असते, डोळ्यांसमोर असते, आणि भ्रम दूर होताच तीच दिसते. सदृशीकरणाच्या कल्पनेत मात्र खरे जग अन्यत्र आहे. ते दुसऱ्या कोणाचे आहे; त्यात यंत्रे आहेत, ऊर्जेचा खर्च आहे, यंत्र बंद करण्याचा अधिकार असलेले कोणीतरी आहे. आत राहणाऱ्याला आपण सदृशीकृत आहोत असे कळले, तरी त्या ज्ञानाने तो बाहेर पडत नाही. केवलाद्वैतात ज्ञान हेच भ्रमाचे निरसन आहे. येथे ज्ञान ही केवळ एक माहिती आहे. एकात मुक्ती हा हेतू, दुसऱ्यात अनुमान. माया या शब्दाचे 'भ्रम' असे सरधोपट भाषांतर किती अपुरे आहे, याची जाणीव विवेकानंदांनाही होती. १८९६ मधील लंडनच्या व्याख्यानांत त्यांनी माया ही जगाची उपपत्ती नसून जगाच्या विसंगत वस्तुस्थितीचे कथन आहे, असे आग्रहाने मांडले होते.

मराठीपुरते पाहिले, तर हा भेद आणखी ठळक होतो. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तील सातवे प्रकरण 'अज्ञानखंडन' या नावाचे आहे. अज्ञान म्हणून काही वस्तू असेल तर ती कोठे राहते, ज्ञानात राहत असेल तर ज्ञानालाच अज्ञान का करीत नाही, आणि नसेल तर तिचा निरास कशाचा करायचा, असा तर्क तेथे ओवीमागून ओवी पुढे नेला आहे. अज्ञानच उरले नाही, तेव्हा जगाला अज्ञानाचे कार्य म्हणण्याची सोय उरत नाही. जे दिसते तो चैतन्याचाच विलास ठरतो. द्रष्टाच स्वतःला दृश्य होऊन पाहतो. ज्ञानेश्वरांचे हे मत शांकर परंपरेत बसते की काश्मीर शैवमताशी जुळते, यावर मराठी अभ्यासकांनी विसाव्या शतकात दीर्घ वाद केला. त्या वादाचा निर्णय काहीही लागो, चिद्विलासाला बाहेर नाही, दुसरा कर्ता नाही आणि लपवलेले मूळ जगही नाही, एवढे निर्विवाद आहे. संगणकीय विश्वाची कल्पना या तिन्हींवर उभी आहे.

३

मग सादृश्य कोठे आहे? ते सर्वांत दाट आहे वसुबंधूच्या 'विंशतिके'त. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील या छोट्या ग्रंथात बाह्य वस्तूंवाचून अनुभव कसा शक्य आहे, याची चर्चा आहे, आणि प्रतिपक्षाचे आक्षेप आजच्या चर्चेतही जसेच्या तसे विचारता येतील असे आहेत. वस्तू नसेल तर ती ठरावीक स्थळीच का दिसते? ठरावीक काळीच का दिसते? एकालाच न दिसता अनेकांना एकदम कशी दिसते? आणि तिच्यापासून प्रत्यक्ष परिणाम कसा घडतो? वसुबंधू स्वप्नाचे उदाहरण देतो, पण तेथे थांबत नाही, कारण स्वप्न एकट्याचे असते. सामायिक भासासाठी तो प्रेतांचे उदाहरण घेतो : सारख्या कर्मविपाकामुळे ती सर्वच पुवाने भरलेली नदी पाहतात. चारही आक्षेपांचे एकत्र उत्तर म्हणून तो नरकाचा दाखला देतो. नरकवासीयांना यातना देणारे नरकपाल सर्वांना दिसतात, मारतात, झोडपतात. पण ते स्वतः त्या यातना भोगत नाहीत, म्हणून ते खरे जीव नव्हेत. नरकवासीयांच्या कर्मातूनच त्यांचे दर्शन घडते.

बॉस्ट्रॉम यांच्या निबंधातही अशी एक शक्यता येते. संपूर्ण मानवजातीऐवजी एखाद्याच व्यक्तीच्या अनुभवाचे सदृशीकरण केले असेल, तर तिच्या भोवतीची माणसे म्हणजे नुसत्या छाया असतील : वागणारी, बोलणारी, पण आतून रिकामी. पंधरा-सोळाशे वर्षांच्या अंतराने दोन तर्क एकाच जागी पोचले आहेत. तरीही वसुबंधूच्या नरकामागे कोणी रचनाकार नाही. तेथे सामायिक जग सामायिक कर्मातून उभे राहते. ज्यांना ते भोगावे लागते, त्यांनीच ते घडवलेले असते.

जगात जग, त्यात पुन्हा जग, ही कल्पनाही भारतीय कथावाङ्मयाला नवी नाही. 'योगवासिष्ठा'तील लीलेच्या आख्यानात पद्म राजा मरतो. त्याचे शव ज्या दालनात आहे, त्याच दालनाच्या अवकाशात तो विदूरथ नावाने दुसरे राज्य करीत असल्याचे सरस्वती लीलेला दाखवते. पुढे कळते की पद्माचे राज्यही एका ब्राह्मणाच्या घराच्या अवकाशात सामावलेले आहे, आणि त्या ब्राह्मणाला मरून अवघे आठ दिवस झाले आहेत. अवकाश आणि काळ यांची ही घडी संगणकात संगणक चालवण्याच्या आधुनिक कल्पनेची सहज आठवण करून देते. मात्र बॉस्ट्रॉम यांच्या रचनेत सर्वांत खाली एक पायाचे जग असावेच लागते, ज्यातील यंत्रांवर बाकीचे सारे मजले उभे आहेत. वासिष्ठातील कोणतेही जग दुसऱ्याचा पाया नाही. सारीच चिदाकाशात समान दर्जाची आहेत.

४

या दोन परंपरांचा ऐतिहासिक संपर्क झाला काय? झाला, आणि तो वाङ्मयाच्या मार्गाने झाला. 'योगवासिष्ठा'चे फारसी रूपांतर अकबराच्या काळात शाहजादा सलीमसाठी झाले. दारा शुकोहच्या आश्रयाने १६५६ मध्ये आणखी एक रूपांतर सिद्ध झाले. त्यानंतरच्या वर्षी, १६५७ मध्ये, दाराने पंडितांच्या साहाय्याने उपनिषदांचा 'सिर्र-ए-अकबर' हा फारसी अनुवाद पूर्ण केला. आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने त्याचे लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये 'औपनेखत' या नावाने प्रसिद्ध केले. शोपेनहौएरने ते १८१४ मध्ये वाचले, आणि १८१८ च्या अखेरीस प्रकाशित झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात 'मायेचा पडदा' ही प्रतिमा युरोपीय तत्त्वचिंतनात आणली. संस्कृत, फारसी, लॅटिन, जर्मन अशा चार भाषांतून गाळून आलेली ही माया होती. तिचा अर्थ आता जवळजवळ केवळ 'आवरण' असा उरला होता.

शोपेनहौएरचा निष्ठावंत वाचक असलेल्या होर्हे लुईस बोर्हेसने १९४० मध्ये 'वर्तुळाकार अवशेष' ही कथा लिहिली. तीत एक साधक स्वप्नातून एक माणूस घडवतो, त्याला जगात पाठवतो, आणि अखेरीस अग्नीत न जळता उभा राहिल्यावर त्याला उमगते की आपणही कोणाच्या तरी स्वप्नातील आहोत. बोर्हेसच्याच, राज्याएवढा नकाशा काढणाऱ्या नकाशाकारांच्या कथेपासून झाँ बोद्रियारने १९८१ मध्ये 'प्रतिरूपे आणि सदृशीकरण' या विषयावरील आपल्या ग्रंथाचा प्रारंभ केला. १९९९ च्या 'द मॅट्रिक्स' या चित्रपटात हाच ग्रंथ पडद्यावर दिसतो. नायकाने तो आतून पोखरून त्यात वस्तू लपवलेल्या असतात. आपल्या विचाराचे चित्रपटाने चुकीचे आकलन केले, अशी तक्रार बोद्रियारने पुढे केली. तिच्यातील मुद्दा महत्त्वाचा होता : चित्रपटात खरे जग आणि खोटे जग यांच्यामधील सीमा स्पष्ट आहे, तर त्याच्या मते आधुनिक समाजात तीच पुसली गेली आहे.

या मालिकेतील तिसरा चित्रपट २००३ मध्ये, म्हणजे बॉस्ट्रॉम यांच्या निबंधाच्याच वर्षी, प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरच्या संगीतात बृहदारण्यक उपनिषदातील मंत्र संस्कृतात ऐकू येतो. दारा शुकोहच्या अनुवादापासून सुमारे साडेतीनशे वर्षांनी उपनिषद अशा रीतीने जागतिक प्रेक्षकांसमोर पुन्हा उभे राहिले. पण ते पार्श्वसंगीत म्हणून. 'आमच्याकडे हे पूर्वीच होते' या प्रतिसादाला बळ देणाऱ्या गोष्टींत अशा ध्वनींचा वाटा लहान नाही. तथापि हा वारसा प्रतिमांचा आहे, युक्तिवादाचा नव्हे. बॉस्ट्रॉम यांच्या युक्तिवादाची वंशावळ निराळी आहे.

५

ती वंशावळ विसाव्या शतकातील गणितात आणि युद्धकाळातील प्रयोगशाळांत आहे. अॅलन ट्युरिंगने १९३६ च्या निबंधात असे एक कल्पित यंत्र मांडले की जे योग्य सूचना दिल्यास अशा प्रकारच्या अन्य कोणत्याही यंत्राचे काम करू शकेल. एका यंत्राने दुसरे होऊन दाखवावे, या कल्पनेला येथे प्रथम काटेकोर रूप मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अॅलामॉसमध्ये स्तानिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी अण्वस्त्रांच्या गणनेसाठी यादृच्छिक संख्यांवर आधारलेली पद्धती विकसित केली. प्रत्यक्ष स्फोटाऐवजी त्याची गणिती प्रतिकृती चालवणे हा तिचा गाभा. मूळ लॅटिनमध्ये 'सोंग' या अर्थाचा असलेला शब्द अशा रीतीने ज्ञानसाधन बनला.

बर्लिनमध्ये १९४१ साली 'झेड ३' हा संगणक बांधणाऱ्या कोनराड त्सूझेने १९६७ मधील लेखात आणि १९६९ मधील पुस्तकात पुढचे पाऊल टाकले : विश्वाची गणना संगणकावर करता येते, एवढेच नव्हे, तर अवकाश स्वतःच गणना करीत असावा. जॉन कॉनवेचा 'गेम ऑफ लाइफ' १९७० मध्ये लोकांसमोर आला. चौकटींच्या पटावरील मोजक्या नियमांतून स्वतःची प्रतिकृती काढू शकणाऱ्या रचनाही उभ्या राहू शकतात, हे त्यातून दिसले. रिचर्ड फाइनमनने १९८१ च्या व्याख्यानात भौतिकीचे सदृशीकरण संगणकावर कितपत शक्य आहे, हा प्रश्न घेतला. जॉन व्हीलरने १९८९ मध्ये भौतिक वस्तूच्या मुळाशी माहितीचे एकक असल्याचे सूत्र मांडले. मात्र विश्व गणना करते असे म्हणणे आणि कोणीतरी विश्वाची गणना करीत आहे असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. त्सूझेच्या अवकाशाला बाहेरचा चालक लागत नाही.

चालक आणला तो बॉस्ट्रॉम यांनी. त्यासाठी त्यांना एक गृहीतक स्वीकारावे लागले : चैतन्य हे विशिष्ट जैविक द्रव्यावर अवलंबून नसून योग्य रचनेच्या कोणत्याही यंत्रात उद्भवू शकते. सारा युक्तिवाद या गृहीतकावर टांगलेला आहे, आणि ते सिद्ध झालेले नाही. भारतीय दर्शनांत या गृहीतकाच्या जवळ जाणारे मत शोधले, तर ते वेदान्तात मिळत नाही; ते चार्वाकांकडे मिळते. किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मद्यशक्ती निर्माण होते तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य निर्माण होते, हा त्यांचा दृष्टांत चौदाव्या शतकातील 'सर्वदर्शनसंग्रहा'सह अनेक ग्रंथांनी नोंदवला आहे. अर्थात चार्वाकांचे चैतन्य देहाला बांधलेले आहे आणि त्यांना प्रत्यक्ष जग पूर्णतः मान्य आहे. तरीही वेदान्ताचा पूर्वविजय म्हणून मिरवल्या जाणाऱ्या कल्पनेचा पाया वेदान्ताच्या कट्टर प्रतिपक्षाशी अधिक जुळावा, ही वस्तुस्थिती त्या सोप्या समीकरणाचा पुरेसा निकाल लावते.

२००३ नंतरच्या चर्चेपैकी दोन गोष्टींचा निर्देश पुरे. सिलास बीन आणि दोन सहकारी भौतिकीविदांनी २०१२ मध्ये असे सुचवले की विश्व जर जाळीदार अवकाशावर चालवलेले असेल, तर अत्युच्च ऊर्जेच्या वैश्विक किरणांच्या दिशांत त्या जाळीची खूण मिळू शकेल. डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ च्या ग्रंथात सदृशीकृत जगही खरेच जग असते, असा पक्ष घेतला. त्यातील मेज हे मेजच, फक्त त्याचे घटकद्रव्य वेगळे. व्यवहाराची सत्ता व्यवहारापुरती अबाधित ठेवणाऱ्या शांकर भूमिकेशी हा निष्कर्ष काही अंशी जुळतो, जरी त्यामागील वाटा पूर्ण भिन्न आहेत.

६

तत्त्वज्ञांनी जगाच्या खरेपणाचा प्रश्न लावून धरला, तेव्हा कथाकारांनी घडवणाऱ्याकडे आणि भोगणाऱ्याकडे लक्ष दिले. देकार्तने १६४१ मध्ये फसवणाऱ्या दुष्ट शक्तीची कल्पना केली ती निश्चित ज्ञानाचा पाया शोधण्यासाठी. तो पाया सापडताच त्याने तिला निरोप दिला. त्याच्या थोडेच आधी, १६३५ च्या सुमारास, स्पॅनिश नाटककार काल्देरॉनने 'जीवन हे स्वप्न आहे' हे नाटक लिहिले. पोलंडचा राजा ग्रहयोगांच्या भयाने आपल्या मुलाला, सिगिस्मुंदोला, जन्मापासून बुरुजात कोंडतो. एके दिवशी त्याला गुंगीचे औषध देऊन राजवाड्यात आणले जाते. तेथे तो उन्मत्तपणे वागतो, एका सेवकाला सज्जातून खाली फेकून ठार करतो. पुन्हा गुंगी, पुन्हा बुरूज. ते सारे स्वप्न होते, असे त्याला सांगितले जाते. पुढे बंडखोर त्याला खरोखर मुक्त करतात, तेव्हा हे स्वप्न की जागृती हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. त्याने काढलेला निष्कर्ष नाटकाचा गाभा आहे : स्वप्न असले तरी चांगलेच वागले पाहिजे. ज्ञानाची कोंडी सुटत नाही, आचरणाची सुटते.

वसुबंधूलाही हा प्रश्न टाळता आला नव्हता. सारे विज्ञप्तिमात्र असेल तर मेंढ्या मारणाऱ्या खाटकाला पाप का लागावे, असा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो. एका चित्तप्रवाहाचा दुसऱ्यावर आघात होऊ शकतो आणि तोच वध होय, असे त्याचे उत्तर आहे. बाह्य देह नाकारूनही त्याने दुसऱ्याचे चित्त नाकारले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कथावाङ्मयातील घडवणारा बदलला. फ्रेडरिक पोल यांच्या १९५५ मधील 'जगाखालचे भुयार' या कथेत एका गावाची मृत माणसे सूक्ष्म यंत्ररूपात पुन्हा उभी केली जातात आणि तोच एक दिवस पुनःपुन्हा जगतात, कशासाठी, तर जाहिरातींचा परिणाम तपासण्यासाठी. डॅनियल गॅलुये यांच्या १९६४ मधील 'सिम्युलॅक्रॉन-३' या कादंबरीतील संगणकीय नगर जनमतचाचणीला पर्याय म्हणून बांधलेले आहे. फासबिंडरने १९७३ मध्ये पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीसाठी तिच्यावर दोन भागांचा चित्रपट केला. ईश्वर, कर्म, दुष्ट शक्ती यांच्या जागी आता बाजारपेठेचा संशोधक आला. बॉस्ट्रॉम यांच्याकडे पोचेपर्यंत तोही बदलला, आणि घडवणारे झाले आपलेच वंशज. श्राद्धात वंशज पितरांना तृप्त करतात. येथे वंशज पितरांना पुन्हा जगायला लावतात, त्यांच्या युद्धांसकट आणि दुष्काळांसकट.

असे करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? हा प्रश्न सर्वांत थेटपणे विचारला पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमने. १९६५ च्या 'सायबेरियाड'मधील एका कथेत त्रुर्ल नावाचा निष्णात रचनाकार पदच्युत जुलमी राजाला रमण्यासाठी एका पेटीत छोटे राज्य बनवून देतो : नगरे, प्रजा, कारस्थाने, शिक्षा, सारे हुबेहूब. तो मोठ्या अभिमानाने हे मित्राला, क्लापाउत्सियुसला, सांगतो, आणि मित्र हादरतो. ते केवळ सोंग आहे, असा बचाव त्रुर्ल करतो. मित्राचे म्हणणे असे की प्रतिकृती जितकी परिपूर्ण, तितके तिच्यातील दुःख खरे. वेदनेची अचूक नक्कल ही वेदनाच असते. दोघे परत जातात तेव्हा प्रजेनेच पेटीबाहेर पसरून राजाला हाकलून लावलेले असते. हॉफस्टॅडटर आणि डेनेट यांनी १९८१ मध्ये संपादित केलेल्या मनोविषयक संग्रहात ही कथा घेतली, आणि ती साहित्यातून तत्त्वज्ञानाच्या वर्गात पोचली.

बॉस्ट्रॉम यांच्या निबंधातही नीतीचा विचार आहे, हे नमूद केले पाहिजे. सदृशीकरण चालवणाऱ्यांनाही आपण कोणाच्या तरी सदृशीकरणात असल्याची शंका येऊ शकते. म्हणून वरच्यांच्या शिक्षेच्या शक्यतेने प्रत्येक पातळीवर सदाचाराला कारण मिळते, असे ते सुचवतात. परंतु ही नीती भयावर उभी आहे. काल्देरॉनच्या नायकाला जागे होण्याची धास्ती आहेच. तथापि स्वप्नातही सत्कृत्य वाया जात नाही, हे त्याला कळले आहे. क्लापाउत्सियुसला तर कोणत्याही वरच्याची आठवण करून द्यावी लागत नाही. पेटीतील प्रजेचा आक्रोश त्याला पुरेसा आहे.

७

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की मायावाद आणि सदृशीकरणाचा युक्तिवाद यांचे समीकरण ऐतिहासिक दृष्ट्या किंवा तात्त्विक दृष्ट्या टिकत नाही. त्यांच्यातील संबंध प्रतिमांच्या प्रवासाचा आहे, आणि तो प्रवास दारा शुकोहपासून बोर्हेसपर्यंत दाखवता येतो. समीकरणाचा मोह सोडला, तर भारतीय परंपरेतील अंतर्गत भेद पुन्हा दिसू लागतात : वसुबंधूविरुद्ध शंकराचार्य, शांकर मायेशेजारी ज्ञानेश्वरांचा चिद्विलास, आणि या सर्वांसमोर चार्वाक. 'आमच्याकडे हे होतेच' असे म्हटल्याने हे सारे वाद एका वाक्यात मिटवले जातात. हानी होते ती परंपरेचीच.

दुसरा निष्कर्ष साहित्याच्या ज्ञानमूल्यासंबंधी आहे. संस्कृत काव्यशास्त्रात श्रीशंकुकाने नटाच्या ठिकाणी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीविषयी म्हटले होते की ती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रतीतींहून वेगळी आहे, चित्रातील घोड्याला घोडा म्हणावे तशी. खरे-खोटे न ठरवताही अर्थपूर्ण असणाऱ्या अनुभवाला येथे शास्त्रात जागा मिळाली. शंकुकाची अनुकृतीची उपपत्ती अभिनवगुप्ताने पुढे खोडून काढली, तरी हे निरीक्षण मागे उरले. विश्व सदृशीकृत आहे की नाही, याचा निर्णय आज कोणाच्याही हाती नाही. काल्देरॉन आणि लेम यांनी तो निर्णय होण्याची वाट पाहिली नाही. यंत्रांत मनासारखे काही घडवण्याचे प्रयत्न चालू असलेल्या काळात आपण कोणाच्या पेटीत आहोत, या कुतूहलाइतकाच आपण कोणासाठी पेटी बांधीत आहोत, हाही प्रश्न निकडीचा झाला आहे. त्याची पूर्वतयारी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत आहे, तशी नाटकांत आणि कथांतही आहे. ती दोन्हीकडे एकत्र वाचणे हे तौलनिक साहित्याचे काम होय.